मुदत संपलेलं डोमेन मी घेतलं, आता जुना मालक परत मागतोय. द्यावंच लागेल का?

नुसतं ‘आधी माझं होतं’ एवढ्यावर नाही. डॉट कॉम डिलीट होण्याआधी जुन्या मालकाला ते जादा पैसे भरून सोडवून घ्यायला रिडेम्प्शनचे ३० दिवस मिळतात; त्यानंतरच्या पेंडिंग डिलीटच्या ५ दिवसांत मात्र ते परत घेता येत नाही. तेव्हा झोपले, आता जागे झाले!

खरी मेख ट्रेडमार्कची. ते नाव त्यांचा ट्रेडमार्क असेल आणि तुम्ही तिथे त्यांच्याच धंद्याच्या जाहिराती लावून बसला असाल, तर यूडीआरपी या डॉट कॉमसारख्या डोमेनच्या वादांसाठी ठरलेल्या तक्रार प्रक्रियेखाली (डॉट इनसाठी तशीच आयएनडीआरपी) डोमेन जाऊ शकतं. नाव ‘ताजीभाजी’सारखं साधं असेल आणि तुम्ही खरंच भाजी विकत असाल, तर बाजू भक्कम.

मेलला लगेच उत्तर देऊ नका. मुख्य म्हणजे ‘दोन लाख द्या, घेऊन जा’ असं स्वतःहून लिहू नका. हेच वाक्य उद्या वाईट हेतूचा पुरावा म्हणून तुमच्यासमोर येतं. आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर नाव शोधा, मग त्यांच्याकडे नोंदणीची प्रत मागा. यूडीआरपीची रीतसर तक्रार आली तर मात्र उत्तराला २० दिवसच असतात, तेव्हा वकील गाठा.

डोमेन तसंच पडून असेल तर मी खर्चापुरते पैसे घेऊन देऊन टाकेन. पैसे खात्यात आल्यावरच ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा पासवर्ड) पाठवायचा, आधी नाही.