सायकलवाल्याचीही केस होते, आणि भरपाईही मिळते

प्रश्न : माझे वडील (वय 54) वायरमन आहेत. पुण्यात सगळी कामं सायकलनेच करतात. दोन महिन्यांपूर्वी सकाळी साडेनऊच्या सुमारास ते सातारा रस्त्याने चालले होते. सायकल ट्रॅकमध्ये गाड्या लावलेल्या असल्याने त्यांना ट्रॅक सोडून गाड्यांच्या कडेने जावं लागलं. तेवढ्यात एका उभ्या कारच्या मालकाने न बघता दार उघडलं. बाबा दारावर आदळून पडले. उजव्या खांद्याचं हाड आणि मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. हात अजून खांद्याच्या वर जात नाही. कारमालकाने दवाखान्यात नेलं आणि एक्स-रेचे पैसे दिले. पोलिसांनी मात्र ‘सायकलला ना लायसन्स ना इन्शुरन्स, केस कसली करता, मिटवून घ्या’ असं सांगून परत पाठवलं. आता कारमालक 25 हजार देतोय आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून मागतोय. गाडी उभी होती, म्हणून विमा लागू होत नाही, असंही तो म्हणतो. ऑपरेशनलाच दीड लाख गेले. बाबांनी हेल्मेट घातलं नव्हतं. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, पहिली गोष्ट म्हणजे बाबांना त्या स्टॅम्प पेपरवर सही करू देऊ नका. अशा सहीने दाव्याचा हक्क कायमचा जातोच असं नाही, पण उद्या समोरचा वकील सगळ्यात आधी तोच कागद पुढे करेल. दीड लाखाच्या ऑपरेशनला 25 हजार ही काही तडजोड नव्हे.

लायसन्स-इन्शुरन्सचं जे तुम्हाला सांगितलं गेलं, ते पूर्ण चुकीचं आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 2(28) मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येत साधी सायकल बसत नाही. त्यामुळे तिला परवाना, नोंदणी, विमा यांपैकी काहीच लागत नाही. विमा लागतो तो कारला. कलम 146 ने तो सक्तीचा केला आहे, तोही रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी. या प्रकरणात तो तिसरा माणूस म्हणजे तुमचे बाबा. सायकलवर दूध, पेपर, डबे, हत्यारं घेऊन फिरणाऱ्या माणसाला ‘तुझी केस होत नाही’ म्हणून परत पाठवलं जातं, याचा मला मनापासून संताप येतो. त्या माणसांना बहुतेक वेळा ते खरंच वाटतं.

हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती ‘जबर दुखापत’ होते. गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेचं कलम 116 तसं स्पष्ट सांगतं. निष्काळजीपणाने जबर दुखापत करण्याला कलम 125(ब) लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे एफआयआर घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तरीही नोंद झाली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दोन महिने उलटले म्हणून घाबरू नका, पण उशिराचं कारण तक्रारीत जरूर लिहा : ऑपरेशन, घरातली धावपळ, आणि पोलिसांनी परत पाठवल्याची तारीख. केवळ एफआयआर उशिरा झाला म्हणून भरपाईचा दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलं आहे. कारमालकाने दवाखान्यात नेलं हे चांगलंच केलं, पण मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 134 प्रमाणे ते त्याचं कर्तव्यच होतं. त्याने बाकीची जबाबदारी फिटत नाही.

आता ‘गाडी उभी होती’ या मुद्द्याकडे येते. हा वाद जुना आहे आणि त्याचा निकाल आपल्याच भागातल्या एका अपघातावरून लागला आहे. 1987 च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात महामार्गावर ट्रकशी धडक होऊन पेट्रोलचा एक टँकर रस्त्याखाली कलंडला. पेट्रोल गळत राहिलं आणि सुमारे चार तासांनी स्फोट होऊन जमलेली माणसं होरपळून मेली. टँकर तर नुसता पडून होता, मग वाहनाचा ‘वापर’ कुठे झाला, असा बचाव घेतला गेला. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वाहन थांबलेलं असलं किंवा बंद पडलेलं असलं तरी तो त्याचा वापरच ठरू शकतो, असा तो निर्णय आहे. चालक गाडी थांबवून दार उघडून उतरतो, हा तर अगदी रोजचा वापर. शिवाय दुसऱ्यांना धोका होईल अशा जागी गाडी उभी करायला कलम 122 ची मनाई आहे. इथे ती सायकल ट्रॅकमध्येच लावली होती. बाबा ट्रॅकबाहेर का आले, याचं उत्तर त्या गाडीतच आहे.

हेल्मेटचा मुद्दा समोरचे नक्की काढतील. कलम 129 ची हेल्मेटसक्ती मोटारसायकल-स्कूटरसाठी आहे, सायकलसाठी नाही. आणि बाबांना डोक्याला मार लागलेला नाही, त्यामुळे हेल्मेट असतं तरी खांदा वाचला नसता. पुढे मात्र त्यांना हेल्मेट घालायला सांगा, आणि उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर सोडून चालवायलाही.

एक प्रश्न मला तुम्हाला विचारावा लागेल, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही. बाबा रहदारीच्या दिशेनेच चालले होते ना? की पुढचं वळण लांब पडतं म्हणून उलट बाजूने? आपल्याकडे हे सर्रास होतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातला डाव्या बाजूने चालण्याचा नियम सायकललाही लागू आहे. उलट बाजूने येत असतील तर दावा बुडत नाही, पण भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण त्यांचाही काही टक्के दोष धरून तेवढी रक्कम कापू शकतं. जे असेल ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. समोरच्याकडे सीसीटीव्ही असेल तर ते तसंही बाहेर येणारच.

भरपाईचा अर्ज मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा. 1 एप्रिल 2022 पासून त्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद गेलेला आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तुमच्या हाती चार महिने आहेत. खरं तर अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत पोलिसांनीच न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. गुन्हाच नोंदला नाही, म्हणून तुमच्या बाबतीत काहीच हललं नाही. एफआयआरचा आग्रह मी त्यासाठीच धरतेय.

रक्कम किती, हे ठरवताना ‘हात अजून खांद्याच्या वर जात नाही’ हे तुमचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. वायरमनचं निम्मं काम डोक्याच्या वरचं असतं : पंख्याचा हूक, छतातली पाइप, शिडीवर उभं राहून मारलेलं छिद्र. डॉक्टर दाखल्यावर 10-12 टक्के अपंगत्व लिहितील, पण कमाईचं नुकसान तेवढंच असतं असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या एका निकालात नेमकं हेच समजावलं आहे : डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळपास सगळी कमाई जाते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून हात किती वर जातो, शिडीवरचं काम जमेल का, हे स्पष्ट लिहून घ्या आणि साक्षीला येण्याची त्यांना विनंती करा.

नुसता अंदाज यावा म्हणून हिशेब मांडते. महिन्याची कमाई 18 हजार आणि कमाईतली घट 20 टक्के धरली, तर वर्षाला 43,200 रुपये. या वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात; 51 ते 55 वयासाठी तो 11 आहे, म्हणजे 4,75,200 रुपये. ऑपरेशनचा खर्च, घरी बसून गेलेले महिने, वेदना, प्लेट काढायचा पुढचा खर्च, मोडलेली सायकल, हे सगळं वेगळं. पगाराची पावती नसते म्हणून कमाई शून्य धरली जात नाही. इलेक्ट्रिकलच्या दुकानातली बिलं, गिऱ्हाइकांचे यूपीआयने आलेले पैसे, वायरमनचा परवाना, दोन-तीन नेहमीच्या गिऱ्हाइकांची साक्ष, एवढं जमवा.

सायकल दुरुस्त करू नका आणि भंगारातही देऊ नका. वाकलेल्या हँडलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. जवळच्या दुकानांचं चित्रण बहुधा पुसलं गेलं असेल, तरी आजच विचारा. पडल्यावर बाबांना कोणी उचललं, तो माणूस शोधा. टपरीवाला असेल तर तो रोज तिथेच सापडेल.

तडजोडीला माझा विरोध नाही. दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत विमा कंपनीशी समझोता झाला, तर त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि पैसे लवकर हातात येतात. वकिलाची फी परवडत नसेल, तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर तिथून मोफत वकील मिळतो. जाताना डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सगळी बिलं आणि कारचा नंबर सोबत न्या. नंबरवरून विमा कंपनीचं नाव काढता येतं.