पेट्रोस सॉलोमन कोण? स्वातंत्र्यसैनिक आणि मंत्री असूनही ते तुरुंगात का गेले?

पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियाच्या स्वातंत्र्यलढ्यातला हा मोठा सेनानी. १९७२ च्या सुमारास शिक्षण सोडून ते ईपीएलएफ या मुक्ती संघटनेत गेले आणि पुढे तिची लष्करी गुप्तवार्ता सांभाळू लागले. १९९१ मध्ये राजधानी अस्मारा मुक्त झालं, १९९३ च्या सार्वमतानंतर देश रीतसर स्वतंत्र झाला. नव्या सरकारात त्यांनी संरक्षण, परराष्ट्र आणि शेवटी सागरी संपत्ती ही खाती सांभाळली.

बिनसलं ते इथिओपियाशी झालेल्या १९९८–२००० च्या युद्धानंतर. मे २००१ मध्ये सत्ताधारी पक्षातल्या पंधरा ज्येष्ठांनी खुलं पत्र काढलं. मागणी साधी होती: मंजूर झालेली राज्यघटना लागू करा, निवडणुका घ्या. पेट्रोस त्या पंधरांत होते. सप्टेंबरमध्ये त्यांच्यासह अकरा जणांना उचललं आणि खासगी वर्तमानपत्रंही बंद पाडली. जगाचं सगळं लक्ष तेव्हा न्यूयॉर्कच्या हल्ल्याकडे होतं. ना आरोपपत्र, ना खटला.

मला सर्वांत जास्त चीड येते ती त्यांच्या पत्नीबाबत जे झालं त्याची. अ‍ॅस्टर योहानेस, स्वतः लढ्यातल्या सैनिक, अमेरिकेत शिकत होत्या. डिसेंबर २००३ मध्ये मुलांसाठी त्या परतल्या. मुलं विमानतळावर आईची वाट बघत थांबली होती. आईला तिथूनच परस्पर ताब्यात घेतलं. त्यांच्यावरही खटला नाही.

आफ्रिकन मानवाधिकार आयोगाने या अकरा जणांच्या सुटकेची मागणी केली, सरकारने दाद दिली नाही. हे दोघं कुठे आहेत, कसे आहेत, हे त्यांच्या मुलांना अधिकृतपणे कधीच कळवलेलं नाही.