फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेलचा सेन्सर चांगला की ४५-६१चा?

आधी मेगापिक्सेल बाजूला ठेवा आणि सेन्सर किती वेगाने वाचला जातो ते बघा. आकार सगळ्यांचा साधारण ३६ × २४ मिमीच, म्हणजे सारख्या एक्स्पोजरला गोळा होणारा प्रकाशही जवळपास सारखाच. म्हणून ६१ मेगापिक्सेलचा फोटो २४च्या आकाराला आणून शेजारी ठेवलात, तर नॉइजमध्ये, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणात, फारसा फरक दिसत नाही. ‘मोठे पिक्सेल म्हणजे अंधारात उत्तम’ हे अर्धंच खरं आहे.

खरा फरक रीडआउटचा, म्हणजे या वाचण्याच्या वेगाचा. साधा बीएसआय सेन्सर (ज्यात वायरिंग पिक्सेलच्या मागे असतं) ओळीओळीने सावकाश वाचला जातो, त्यामुळे सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर फिरती बॅट वाकडी दिसते आणि एलईडी दिव्यांखाली पट्टे येतात. स्टॅक्ड सेन्सर (ज्यात पिक्सेलच्या थराखाली वेगळा सर्किटचा थर असतो) इतका वेगवान असतो की निकॉन झेड ९ आणि झेड ८मध्ये मेकॅनिकल शटरच ठेवलेलं नाही. सोनी ए९ थ्रीमध्ये तर ग्लोबल शटर आहे, सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपले जातात. पण त्याचा बेस आयएसओ, म्हणजे सेन्सरची सगळ्यात कमी मूळ संवेदनशीलता, २५० आहे, आणि सावल्या उजळवताना ती किंमत जाणवते. निकॉन झेड ६ थ्रीचा अंशतः स्टॅक्ड सेन्सरही वेगासाठी डायनॅमिक रेंज (एकाच फोटोत उजेड आणि सावली दोन्ही टिपण्याची क्षमता) थोडी सोडतो.

निसर्गचित्रं, स्टुडिओ, मोठे प्रिंट असतील तर साधा बीएसआय, ४५ किंवा ६१चा, डोळे झाकून घ्या. खेळ किंवा पक्षी असतील तर स्टॅक्ड. लग्न, प्रवास, घरचे फोटो? २४ ते ३३ भरपूर झाले, उरलेले पैसे लेन्सवर घाला.