खरखर

प्रिय मित्रा,

तुला हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना मिळाला, व्हीयू थ्रीने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव आलं, फार बरं वाटलं. पण त्याच मेसेजच्या शेपटाला तक्रार होती: "काका, बँडवर नुसती खरखर आहे. व्हॉट्सॲपवर अमेरिकेतला दादा एका सेकंदात भेटतो, मग हा खटाटोप कशाला?" फोनवर बोललो असतो तर चिडलो असतो, म्हणून लिहायला बसलोय.

ग्रोट रेबर हे नाव तू ऐकलं नसशील. शिकागोजवळच्या व्हीटन गावातला पोरगा, जन्म १९११ चा. मिसरूड फुटायच्या वयात हॅम झाला. कॉल साइन डब्ल्यू ९ जीएफझेड. साठाहून जास्त देशांशी बोलून झालं आणि आता जिंकायला काही उरलं नाही असं त्याला वाटायला लागलं. आपल्यातले बरेच जण इथे पोचले की क्यूएसएल कार्डं, म्हणजे बोलणं झाल्याची पोच देणारी पत्रं, भिंतीवर लावत बसतात. मीही बसलो, माझी भिंत तू पाहिलीच आहेस.

तो खरखरीच्या मागे लागला. बेल लॅबमधल्या कार्ल जान्स्कीने १९३३ मध्ये जाहीर केलं होतं, की समुद्रापारच्या रेडिओ टेलिफोनमध्ये घुसणारी एक खरखर चक्क आकाशगंगेतून येते. खगोलशास्त्रज्ञांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. रेबरला जान्स्कीबरोबर काम करायचं होतं. पण मंदीचे दिवस, नोकरी मिळाली नाही. तेव्हा १९३७ च्या उन्हाळ्यात त्याने आईच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत, स्वतःच्या पैशाने आणि बहुतांश स्वतःच्या हाताने, लाकडी सांगाड्यावर पत्रे ठोकून ३१ फुटांहून थोडी मोठी अँटेनाची तबकडी उभी केली. गावाला कोडं पडलं. आई म्हणे तिच्यावर धुणं वाळत घालायची.

आता नीट वाच. पहिला रिसीव्हर ३३०० मेगाहर्ट्झचा. हिशेब सरळ होता: उष्णतेतून येणाऱ्या लहरी असतील तर फ्रिक्वेन्सी जितकी वर तितका सिग्नल जोरात. काहीच ऐकू आलं नाही. त्याने नवा रिसीव्हर बांधला, ९१० मेगाहर्ट्झचा. पुन्हा शून्य. तू असतास तर तबकडी भंगारात घातली असतीस, मीही कदाचित. त्याने शून्याचा अर्थ लावला: ही उष्णता नव्हे, भानगड वेगळी आहे, खाली जाऊन पाहू. तिसरा रिसीव्हर १६० मेगाहर्ट्झचा, आणि तिथे आकाशगंगा सापडली.

दिवसा शिकागोत रेडिओ कंपनीत नोकरी. संध्याकाळी जेवून झोपायचं, मध्यरात्री उठायचं, कारण दिवसा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीचा स्पार्क प्लग मीटरचा काटा उडवायचा. रात्री गाव निजलं की पहाटेपर्यंत मिनिटामिनिटाला काटा बघून हाताने आकडा लिहायचा. असल्या रात्रींतून १९४४ मध्ये रेडिओ आकाशाचा नकाशा छापून आला. जवळजवळ दहा वर्षं जगात हे काम नेटाने करणारा तो एकटाच होता. पदवी इंजिनिअरिंगची, खगोलशास्त्राची नव्हे.

देव्हाऱ्यात बसवू नकोस हं त्याला. महास्फोटाचा सिद्धांत त्याने शेवटपर्यंत मानला नाही, आणि तिथे त्याचं चुकलं असंच मी म्हणेन. हट्टी माणसाचा हट्ट कुठे थांबवायचा हे बाहेरून कळत नाही. पुढे टास्मानियात जाऊन राहिला, आणि सगळे वरच्या फ्रिक्वेन्सीकडे धावत असताना हा २ मेगाहर्ट्झच्या आसपास आकाश ऐकत बसला.

तेव्हा नवा रिग, म्हणजे रेडिओ संच, घेऊ नकोस. या रविवारी घरचा मेन स्विच पाड, रिसीव्हर बॅटरीवर लाव आणि ऐक. मग एकेक एमसीबी वर करत जा, आवाज कधी बदलतो ते वहीत लिही. "काही नाही" हेही वेळेसकट लिही. मी आठ महिने समोरच्या बिल्डिंगला शिव्या घातल्या. निघाला माझ्याच देवघरातल्या एलईडी माळेचा अडॅप्टर. बायकोने ते अजून विसरू दिलेलं नाही. घरातला सगळा गोंगाट गेल्यावर जी खरखर उरेल, तिच्यात थोडी वरूनही येते. दादाचा व्हॉट्सॲप ती ऐकवत नाही.

रेबर २० डिसेंबर २००२ ला सायलेंट की झाला, म्हणजे आम्हा हॅम लोकांच्या भाषेत वारला, ९१ पूर्ण व्हायला दोन दिवस कमी होते. त्याच्या अस्थी जगभरातल्या रेडिओ वेधशाळांमध्ये थोड्या थोड्या ठेवल्या आहेत. त्यातली एक आपल्या जुन्नर तालुक्यातली, खोडदची. नारायणगावहून जाताना शेतांवर ४५ मीटरच्या तबकड्या दिसायला लागतात, एकूण ३०. त्या १५० मेगाहर्ट्झपासून ऐकू लागल्या, म्हणजे व्हीटनच्या परसातल्या त्या तिसऱ्या रिसीव्हरच्या अगदी शेजारी.

फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाला तिथे शाळकरी पोरांची जत्रा असते. जाऊ आपण. डबा मी आणतो, वही तू आण. आणि नारायणगाव सोडलं की मोबाइल बंद कर, तिथे तुझा फोन म्हणजे रेबरच्या रस्त्यावरची मोटार.

७३ (हॅम भाषेत शुभेच्छा),
तुझा काका