चिनी नेत्यांच्या भाषणांत वाघ, माश्या, दगड का येतात? त्यांचा अर्थ कसा लावायचा?

आधी मराठीतला वाघ बाजूला ठेवा. आपण कुणाला वाघ म्हणतो ते कौतुकाने. चीनच्या राजकीय भाषेत ‘लाओहू’, म्हणजे वाघ, हा पैसे खाणारा बडा अधिकारी. जानेवारी २०१३ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख शी चिनफिंग (जिनपिंग) पक्षाच्या शिस्त-तपासणी आयोगापुढे म्हणाले की वाघ आणि माश्या, दोन्ही मारायच्या. माश्या म्हणजे लोकांना रोज नाडणारे खालच्या पायरीवरचे अधिकारी. पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, पूर्वी बसलेले चौ योंगखांग यांना जून २०१५ मध्ये जन्मठेप झाली, इतक्या वरपर्यंत हा शब्द पोचला. पण तो शी यांचा नाही. माओंच्या १९५१-५२ च्या ‘तीन विरोध’ मोहिमेतही लाचखोरांना वाघच म्हणत. माओंनी १९४६ मध्ये अमेरिकेला उद्देशून वापरलेला ‘कागदी वाघ’ मात्र वेगळा: दिसायला भयंकर, आतून पोकळ.

म्हणून प्रतिमा दिसली की ती आधी कुणी, कधी, कुणाबद्दल वापरली होती ते शोधा. मग मूळ चिनी वाक्य आणि सरकारी इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवा. काय गाळलंय, ते बघा.

१ जुलै २०२१ चं शी यांचं भाषण घ्या. चीनवर दादागिरी करू पाहणाऱ्याचं डोकं १४० कोटींहून अधिक लोकांनी रक्तामांसातून उभारलेल्या पोलादी भिंतीवर आपटून फुटेल, असं ते म्हणाले. सरकारी इंग्रजीत फुटलेलं डोकं नाहीच, फक्त टक्कर उरली. उलट अनेक परदेशी बातम्यांनी रक्तच मथळ्यात घेतलं. माझ्या मते दोन्हीकडे तोल गेला. ‘थौ फो श्वे लिऊ’ (शब्दशः, डोकं फुटून रक्त वाहणं) हा चिनी बोलण्यातला नेहमीचा वाक्प्रचार आहे. आपला ‘कपाळमोक्ष’ त्याला जवळचा. तो आपण शब्दशः घेत नाही, पण सौम्यही म्हणत नाही. शिवाय रक्तामांसाची भिंत चिनी राष्ट्रगीतातली. तिथल्या श्रोत्याला ती पाठ असते, भाषांतर वाचणाऱ्याला दिसतही नाही.

दगडाचं सोपं आहे. ‘दगड चाचपत नदी ओलांडणे’ म्हणजे सुधारणा आधी एखाद्या ठिकाणी करून बघायची, जमली तर पसरवायची. हे वाक्य सर्रास सुधारणांचे नेते तंग श्याओफिंग (डेंग) यांच्या नावावर खपवतात, पण आर्थिक धोरणाच्या संदर्भात ते पक्षाचे ज्येष्ठ नेते चन युन यांनी त्यांच्याआधी वापरलेलं आहे.