कमरेपर्यंत केस आणि रोजचं स्विमिंग, केस कापायची गरज नाहीये

वाशीला सकाळची बॅच लावल्यापासून टोपी घालूनही केस काथ्यासारखे झालेत, कोच म्हणतात बॉयकट कर, सासूबाई म्हणतात तेल थापून जा, असं तू लिहिलंयस. कोचचं सोडून दे, सासूबाई मात्र अर्ध्या बरोबर आहेत.

पहिलं म्हणजे टोपीवर एवढा भरवसा ठेवू नकोस. कितीही महागडी घे, सिलिकॉनची घे, मानेकडून आणि कानामागून पाणी आत शिरतंच. टोपीमुळे केसांना क्लोरीनचं पाणी कमी लागतं आणि केस एकमेकांवर घासून गुंता होत नाही, बास. लॅटेक्सची तर घेऊच नको, काढताना चार केस बरोबर घेऊन येते. लांब केसांसाठी मागे फुगीर असलेली सिलिकॉनची मिळते ती बघ, आणि डोक्यावर उंच अंबाडा घालून टोपी चढवायची नाही, घसरते. सैल वेणी घालून ती मानेच्या वर चपटी गुंडाळायची. पिना अजिबात नको, टोपी फाटते.

खरं काम टोपीच्या आधी आहे. कोरडा केस मिळेल ते पाणी ओढून घेतो, मग ते पूलचंच का असेना, म्हणून पाण्यात उतरायच्या आधी शॉवरखाली केस मुळापासून टोकापर्यंत चिंब भिजव, नुसते वरवर ओले नाही. एकदा साध्या पाण्याने भरला की क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. आणि तसाही आधी शॉवर घ्यायचा नियम असतोच, आपण तो टाळतो ते वेगळं. पूलला जो डोळ्यात जाणारा उग्र वास येतो ना, तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो, घाम आणि (सॉरी पण) सू यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं त्याचा असतो.

आता तेल. खोबरेलच लाव. ते केसाच्या आत शिरतं आणि प्रोटीन बाहेर जाणं कमी करतं, मिनरल ऑइल आणि सूर्यफूल तेलापेक्षा जास्त, असा २००३ साली मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांचा पेपर आहे, आता खोबरेल विकणारीच कंपनी म्हणून हसायचं तर हस, पण आत शिरण्याचं कारण खरं आहे, त्यातलं लॉरिक अॅसिड लहान आणि सरळ साखळीचं असतं. फक्त थापायचं नाही. आदल्या रात्री मधल्या लांबीला आणि टोकांना थोडंसं, एवढंच. ऐनवेळी चपचपीत लावून गेलीस तर टोपी सटकते, पाण्यावर तवंग येतो आणि लाइफगार्ड ओरडतो ते वेगळंच.

आणि तुझी खरी गडबड मला वाटतं नंतरची आहे. बॅच सुटली की ओले केस तसेच क्लचरमध्ये अडकवून ट्रान्स हार्बर लोकल पकडायची आणि डोकं धुवायचं रात्री ठाण्याला घरी, असंच ना? म्हणजे क्लोरीन दिवसभर केसातच. तिथल्या तिथे दोन-तीन मिनिटं साध्या पाण्याने धू, टोकांना कंडिशनर लावून धुवून टाक. रोज शॅम्पू नको, आठवड्यात दोन-तीनदा पुरे. वास राहत असेल तर व्हिटॅमिन सीची साधी पावडर, पाव चमचा बाटलीभर पाण्यात ऐनवेळी विरघळवून केसांवर ओत आणि मग धू, ती क्लोरीन निष्प्रभ करते. चघळायच्या संत्रा गोळ्या नकोत, त्यात साखर असते. लिंबूही नको, त्वचेवर राहून ऊन लागलं तर चट्टे पडतात.

घोडबंदरकडे राहात असशील आणि सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर तेही बघ, जड पाण्याचे क्षार केसांवर बसतात आणि दोष सगळा पूलला जातो. महिन्यातून एक-दोनदा ईडीटीए (हे क्षार धरून काढून टाकणारं रसायन) असलेला शॅम्पू लाव, लेबलवर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हिरवट छटा येते ती तांब्यामुळे, क्लोरीनमुळे नाही, आणि काळ्या केसांवर दिसतही नाही, पण हायलाइट्स केले असतील तर सांभाळ.

टॉवेलने खसाखसा पुसू नकोस, जुना पंचा घेऊन दाबून पाणी टिप. ओला केस ताणला की तुटतो म्हणून मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकांकडून वर. आत्ता जो भाग काथ्या झालाय तो काही परत मऊ होणार नाही, तेवढी दोन बोटं टोकं कापून घे, आणि पावसाळ्यात लोकलमध्ये केस बांधायच्या आधी जरा वाळू दे गं, नाहीतर कुबट वास येतो.