स्कॉटलंडमधल्या जुन्या हवेल्यांच्या आवारातल्या कबुतरखान्याला बाहेरून दगडी कंगोरा, म्हणजे भिंतीतून पुढे आलेली दगडांची पट्टी, का असतो?

उंदीर वर चढू नयेत म्हणून. भिंत चढत आलेला उंदीर पुढे आलेल्या दगडाखाली अडकतो आणि अंडी-पिल्लं वाचतात. भिंतीवर वेल माजू दिला की मात्र कंगोरा असून नसल्यासारखा. छप्पर एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतरतं असेल तर उतार बहुधा दक्षिणेला: पाखरांना ऊन मिळतं, मागची उंच भिंत उत्तरेचा वारा अडवते. आत भिंतभर घरट्यांचे खण. अँगस परगण्यातल्या फिनेव्हनच्या कबुतरखान्यात तर सुमारे 2,400! 1617च्या कायद्याने फक्त मोठ्या जमीनदारांनाच कबुतरखाना बांधायची मुभा ठेवली, कारण कबुतरं शेजाऱ्यांचंही पीक फस्त करत. पुढे 18व्या शतकात तबेल्याच्या कमानीवरच्या मनोऱ्यातही असे खण केले गेले; तिथला कंगोरा निव्वळ शोभेचा असू शकतो.